काळ्या जोडीची पांढरी पिल्ले: कोंबड्यांतील अप्रभावी रंग-जनुके कशी सांभाळावीत

घणसोलीच्या गावठाणात आमच्या घरामागे जे लहानसे खुराडे आहे, त्यात एका खुडूक कोंबडीखाली १२ अंडी बसवली होती आणि त्यांतून ११ पिल्ले निघाली. कोंबडी काळी आणि कोंबडाही काळा. तरी ११ पैकी २ पिल्लांची लव धुरकट राखाडी होती, आणि दोन महिन्यांत ती दोन्ही पांढरीशुभ्र झाली. काकूंनी लगेच निकाल दिला की कोंबडी गल्लीपलीकडच्या पांढऱ्या कोंबड्याकडे गेली असणार. तसे घडणे अशक्य नव्हते, पण त्याने आमच्या कोंबडीची सुटका होत नव्हती. कारण पुढे चाचणीत असे ठरले की या पिल्लांत उतरलेला पांढरा रंग आई आणि बाप या दोघांकडून आल्याखेरीज दिसतच नाही. बाप कोणीही असो, काळ्या कोंबडीच्या अंगात पांढऱ्याचे जनुक होतेच.

अशा दडून राहणाऱ्या जनुकाला अप्रभावी जनुक म्हणतात. प्रत्येक गुणासाठी पिल्लाला एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. दोन्ही प्रती अप्रभावी असतील तरच तो रंग पिसांत उतरतो, आणि एकच असेल तर पक्षी दिसायला नेहमीसारखा राहून ती प्रत पुढच्या पिढीकडे पोहोचवतो. अशा पक्ष्याला वाहक म्हणावे. शौकीन मंडळींत त्यालाच ‘स्प्लिट’ म्हणतात. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये दाखवले, तेही कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून, त्यामुळे कोंबडीपालकाने या विषयाला बिचकण्याचे कारण नाही. ठाणे जिल्ह्यात गावरान पक्ष्यांत गिरिराज, वनराजा आणि कुठून कुठून आणलेल्या फॅन्सी जाती इतक्या मिसळल्या आहेत, की दडलेला रंग नाही असा कळप सापडणे कठीण आहे. म्हणून माझा सल्ला असा, की ही जनुके हुडकून संपवण्याच्या मागे लागू नये. ती कोणत्या पक्ष्यात आहेत हे वहीत लिहिलेले असावे, एवढे पुरते.

रंग ओळखताना

पहिली चूक होते ती पांढऱ्याबाबत, कारण कोंबड्यांत पांढरा रंग एकाच कारणाने येत नाही. व्हाइट लेगहॉर्नचा पांढरा प्रभावी असतो. तो एका पालकाकडून आला तरी पिल्लू पांढरेच दिसते, फार तर अंगावर काळे शिंतोडे राहतात. व्हाइट प्लिमथ रॉक, व्हाइट वायंडॉट आणि पांढरी सिल्की यांचा पांढरा मात्र अप्रभावी आहे. त्याचे कारण रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात आहे: तेथे एका विषाणूचा जुना तुकडा घुसून बसला आहे आणि त्यामुळे पिसांत रंग उतरत नाही. डोळ्यांतला रंग मात्र टिकतो, ते काळसर किंवा तांबूस-तपकिरीच राहतात, म्हणून हा पक्षी अल्बिनो नव्हे.

विकत घेतलेला पांढरा कोंबडा यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे नुसते पाहून सांगता येत नाही. ज्यांच्या घराण्यात पांढरे पिल्लू कधीच निघालेले नाही अशा दोन-तीन रंगीत कोंबड्यांवर तो सोडावा. सगळी पिल्ले रंगीत निघाली तर पांढरा अप्रभावी, सगळी पांढरी निघाली तर प्रभावी. निम्मी-निम्मी निघाली तर तो प्रभावी पांढऱ्याची एकच प्रत बाळगणारा असावा, किंवा आपल्या कोंबड्याच वाहक असाव्यात. अशा वेळी दुसऱ्या घरच्या कोंबड्या घेऊन चाचणी पुन्हा करावी. दोन्ही प्रकारचे पांढरे पक्षी एकमेकांशी लावले तर पहिली पिढी सगळी पांढरी येते आणि त्या पिल्लांची आपसांत जोडी लावली की १६ पैकी सरासरी ३ पिल्ले अचानक रंगीत निघतात. हे प्रमाण माहीत नसले म्हणजे माणूस अंडी विकणाऱ्याशी उगाच भांडायला जातो.

अप्रभावी पांढऱ्याचा आणखी एक गुण असा, की त्याच्या आड पक्ष्याचे बाकीचे सगळे रंग झाकले जातात. पांढऱ्या कोंबड्याच्या पोटी पट्टेदार, सोनेरी किंवा तांबडी पिल्ले निघू शकतात आणि त्यांचा अंदाज आधी येत नाही. त्यामुळे एखाद्या नेमक्या रंगाचे घराणे बांधायचे असेल, तर अनोळखी पांढरा पक्षी त्यात आणू नये.

दुसरा गोंधळ निळा आणि लॅव्हेंडर यांच्यात होतो, आणि त्यात पैसेही बुडतात. मी स्वतः एका विक्रेत्याकडून ‘निळी’ म्हणून घेतलेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, काळ्या कोंबड्याला लावली आणि निम्मी पिल्ले निळी मिळतील म्हणून वाट पाहिली. पिल्ले सगळी काळी निघाली. ती लॅव्हेंडर होती. निळा रंग अप्रभावी नाही. त्याची एक प्रत असली की काळा पक्षी निळसर होतो आणि दोन असल्या की मळकट पांढऱ्यावर शाईचे डाग पडल्यासारखा दिसतो, त्यामुळे निळ्याची काळ्याशी जोडी लावली की साधारण निम्मी पिल्ले निळी येतात. लॅव्हेंडर मात्र पूर्णपणे अप्रभावी आहे. मेलॅनोफिलिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील बदलामुळे रंगद्रव्याचे कण पिसांत सारखे पसरत नाहीत आणि काळ्याचा फिकट राखाडी, तर तांबड्याचा पिवळट साय-रंग होतो. हा बदल २००८ मध्ये उलगडला. पाहताना मानेचे आणि पाठीचे पीस उजेडात धरावे: निळ्या पक्ष्याच्या पिसाला बहुधा गडद कड असते आणि मान अंगापेक्षा काळी दिसते, लॅव्हेंडर पक्षी डोक्यापासून शेपटीपर्यंत एकाच छटेचा असतो. पिल्लांच्या लवेवरून हा फरक करू नये, दोन्ही जवळपास सारखीच दिसतात.

लॅव्हेंडरची लॅव्हेंडरशीच पिढ्यानपिढ्या जोडी लावत राहिले तर शेपटीची आणि पंखांची पिसे विस्कटून झडल्यासारखी होतात. पीस बोटांत ओढून पाहिले तर त्याच्या फटी पुन्हा जुळत नाहीत, जुन्या केरसुणीसारख्या राहतात. हा दोष लॅव्हेंडर घराण्यांत वारंवार सोबत येतो. उपाय असा, की दोन-एक पिढ्यांनी चांगल्या घट्ट पिसांचा काळा पक्षी मध्ये आणावा, त्यातून मिळणारी सगळी काळी वाहक पिल्ले वाढवावीत आणि त्यांतील उत्तम पिसांची निवडून पुन्हा लॅव्हेंडरशी लावावीत. त्या जोडीतून निम्मी पिल्ले लॅव्हेंडर मिळतात, उरलेली काळी असतात आणि ती सगळीच वाहक असतात, म्हणजे एकही पिल्लू वाया जात नाही.

काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा अँकोनासारखा रंगही अप्रभावी आहे. त्यात एवढेच लक्षात ठेवावे की ठिपके प्रत्येक पीसगळतीनंतर वाढत जातात, तेव्हा पहिल्याच वर्षी पक्षी बाद करू नये.

किती पिल्ले काढली म्हणजे खात्री होते

दोन वाहकांच्या जोडीतून सरासरी चौथा हिस्सा पिल्ले अप्रभावी रंगाची निघतात. उरलेली तीन चतुर्थांश दिसायला नेहमीच्या रंगाची असतात, पण त्यांतील तीनपैकी दोन वाहक असतात. आमच्या ११ पिल्लांतील ९ काळ्यांपैकी साधारण ६ वाहक असावीत असे मी धरले, कोणती ते मात्र चाचणीशिवाय कळण्यासारखे नव्हते.

चाचणीची सर्वांत सरळ पद्धत म्हणजे संशयित पक्षी अप्रभावी रंगाच्या पक्ष्याशी लावणे. काळा कोंबडा अप्रभावी पांढऱ्या कोंबडीशी लावला आणि एक जरी पांढरे पिल्लू निघाले, तरी कोंबडा वाहक आहे हे सिद्ध झाले, तेथेच थांबावे. सगळी रंगीत निघत असतील तर मोजत राहावे. वाहक कोंबड्याची ओळीने ५ पिल्ले रंगीत निघण्याची शक्यता ३२ मध्ये १ आणि ७ निघण्याची १२८ मध्ये १ असते, म्हणून ७ रंगीत पिल्ले झाली की ९९ टक्क्यांहून अधिक खात्रीने कोंबडा निर्दोष समजावा. पांढरी कोंबडी हाताशी नसेल आणि फक्त माहीत असलेली वाहक कोंबडी असेल, तर तेवढ्याच खात्रीसाठी १७ पिल्ले लागतात. तिसरा मार्ग कोंबडा त्याच्याच मुलींशी लावण्याचा आहे: ५ मुली आणि प्रत्येकीची ८ पिल्ले तपासली तर सुमारे ९५ टक्के खात्री मिळते, आणि यात एका रंगाचीच नव्हे तर त्याच्यातल्या सगळ्याच दडलेल्या दोषांची झडती होते. ती ४० पिल्ले पुढच्या पैदाशीसाठी ठेवू नयेत, कारण बाप-लेकीच्या जोडीतून येणाऱ्या पिल्लांत जवळच्या नात्याचा दोष, म्हणजे एकाच पूर्वजाची तीच प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता, २५ टक्क्यांपर्यंत जातो.

मोजताना उबवणीच्या शेवटच्या दिवसांत कवचातच मेलेले पिल्लूही धरावे. त्याची लव ओली असली तरी पाण्यात हलकेच धुऊन, वाळवून रंग लिहून ठेवता येतो. फक्त, अप्रभावी पांढऱ्याची लव कधी राखाडी असते, तेव्हा अशी नोंद प्रश्नचिन्हासह करावी आणि जिवंत पिल्लांचा अंतिम रंग सहा ते आठ आठवड्यांनी, पहिली खरी पिसे आल्यावर ठरवावा.

आता दडलेले जनुक कळपातून काढून टाकायचेच असेल तर काय? फक्त दिसणारी पांढरी पिल्ले कापून ते जात नाही. समजा कळपातील रंगाच्या एकूण प्रतींपैकी १० टक्के अप्रभावी आहेत. अशा कळपात १०० पैकी १ पक्षी पांढरा दिसतो आणि १८ वाहक असतात. दर पिढीला पांढरा तेवढा काढत राहिले तरी १० पिढ्यांनी ते प्रमाण ५ टक्क्यांवर येते, म्हणजे निम्मेच घटते, आणि तोवर कोंबडीपालकाची हौस बहुधा फिटलेली असते. त्याऐवजी फक्त कोंबडे तपासावेत. कोंबडा निर्दोष असला तर त्या कप्प्यात कितीही वाहक कोंबड्या असल्या तरी एकही पांढरे पिल्लू निघणार नाही, आणि दर पिढीला निर्दोषच कोंबडा वापरला तर वाहकांचे प्रमाण दर वेळी निम्मे होत जाते. एक कोंबडा तपासायला सात पिल्ले पुरतात. दहा कोंबड्या तपासायला सत्तर लागतात.

अंड्याची ओळख पिल्लापर्यंत

या सगळ्या हिशेबाला अर्थ येतो तो कोणते पिल्लू कोणत्या जोडीचे हे नक्की माहीत असेल तरच. कोंबडीच्या अंगात कोंबड्याचे बीज साठून राहते. कोंबडा वेगळा केल्यावरही दहा-पंधरा दिवस आणि क्वचित तीन आठवड्यांपर्यंत सफल अंडी मिळू शकतात. त्यामुळे जोडी बदलल्यावर निदान तीन, आणि जमल्यास चार आठवडे अंडी खाण्यात वापरावीत, उबवू नयेत. घाईत आम्ही एकदा दहाव्याच दिवशी अंडी बसवली आणि त्या पूर्ण हंगामाच्या नोंदी खोडाव्या लागल्या.

अंड्यावर शिसपेन्सिलने जोडीचा क्रमांक आणि तारीख लिहावी. अंडी सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नयेत. यंत्रात ३७.५ अंश सेल्सियस तापमान ठेवून १८ व्या दिवसापर्यंत ती फिरवावीत, आणि १८ व्या दिवशी प्रत्येक जोडीची अंडी कांदे येतात तसल्या जाळीच्या वेगवेगळ्या पिशव्यांत सैल ठेवून पिशवीला चिठ्ठी बांधावी, म्हणजे २१ व्या दिवशी पिल्ले एकमेकांत मिसळत नाहीत. ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या पावसाळ्यात हवेत आधीच इतका दमटपणा असतो, की पहिल्या १८ दिवसांत यंत्रातील पाण्याची वाटी बहुधा कोरडीच ठेवावी लागते. चाचणीची उबवण शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उरकावी.

पिशवीतून बाहेर काढताच पिल्लाला खूण करावी. पायाच्या बोटांमधल्या पातळ पडद्याला बारीक छिद्र पाडण्याची जुनी रीत सर्वांत टिकाऊ आहे. दोन्ही पायांचे मिळून चार पडदे असतात आणि छिद्र असणे-नसणे यांच्या जुळण्यांतून १६ वेगळ्या खुणा मिळतात. छिद्रातील कातडीचा तुकडा पूर्ण निघाला नाही तर ते पुन्हा बुजते, म्हणून आठवड्याने पाहून घ्यावे. रंगीत प्लास्टिकची कडी वापरायची असेल तर ती पायाच्या वाढीप्रमाणे बदलावीच लागते. विजेच्या वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी पिल्लाच्या पायात कधीही बांधू नये; ती आत रुतलेली मी पाहिली आहे, आणि तोपर्यंत पाय सुजून काळा पडलेला होता.

नरात दडणारे, मादीत न दडणारे

काही रंग-जनुके लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतात आणि त्यांचा हिशेब वेगळा आहे. कोंबड्याकडे झेड गुणसूत्राच्या दोन प्रती असतात आणि कोंबडीकडे एकच, दुसरे डब्ल्यू असते. म्हणून या जनुकांच्या बाबतीत कोंबडी वाहक असूच शकत नाही. तिच्यात जे आहे ते दिसतेच. लपवाछपवी फक्त कोंबडा करतो. पट्टे नसणे आणि चंदेरीऐवजी सोनेरी असणे हे दोन्ही असे अप्रभावी गुण आहेत: सोनेरी कोंबडा चंदेरी कोंबडीशी लावला की मुलगे चंदेरी आणि मुली सोनेरी निघतात, त्यामुळे पिल्लांची नर-मादी पहिल्याच दिवशी कळते. उलट जोडी लावली तर हा फायदा मिळत नाही.

आपल्याकडे या नियमाचा सर्वांत जास्त संबंध येतो तो कडकनाथशी. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून ठाणे-पनवेल पट्ट्यात कोणत्याही काळ्या कोंबडीला कडकनाथ म्हणून विकले जाते. कातडी, तुरा आणि मांस काळे करणारे जनुक प्रभावी आहे, पण त्याच्यावर पडदा टाकणारे, कातडीतील काळेपणा दाबणारे दुसरे प्रभावी जनुक झेड गुणसूत्रावर असते. कडकनाथमध्ये या दुसऱ्याचे अप्रभावी रूप असते, म्हणूनच त्याचा काळेपणा उघडा पडतो. आता कडकनाथ कोंबडा फिकट पायांच्या कोंबडीशी लावला तर मुलगे आईकडून तो पडदा घेतात आणि फिकट कातडीचे होतात, तर मुलींना बापाचे उघडे रूप मिळून त्यांची कातडी काळी राहते. बेटसन आणि त्यांचे सहकारी पनेट यांनी १९११ मध्ये सिल्की आणि ब्राउन लेगहॉर्न यांच्या संकरावरून नेमकी हीच गोष्ट मांडली होती. कडकनाथ कोंबडी आणि फिकट पायांचा कोंबडा अशी उलट जोडी असेल तर बहुधा सगळीच पिल्ले फिकट कातडीची येतात. गावरान कोंबडीचे पाय मुळात काळपट असतील तर मात्र तिच्याकडे पडदाच नसतो, आणि तिची मुले-मुली सारखीच काळी निघून खरेदीदाराला फसवतात. पिसे काळी असणे हा तर कडकनाथचा पुरावाच नव्हे. जीभ, टाळू आणि पंखाखालची कातडी पाहावी, आणि त्यानंतरही पैदाशीचा कोंबडा घेताना त्याच्या बहिणी नव्हे, भाऊ दाखवायला सांगावेत.

एका कोंबड्याची अडचण

शहरात कोंबडे जास्त ठेवता येत नाहीत. पहाटे साडेचारला दोन कोंबडे आरवले की समोरच्या इमारतीतून फोन येतो, हा आमचा अनुभव आहे, आणि फोन करणाऱ्याला दोष देता येत नाही. पण एक कोंबडा आणि ५ कोंबड्या एवढ्यावरच घराणे चालवले तर दर पिढीला जवळच्या नात्याचा दोष सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो; ४ कोंबडे आणि १२ कोंबड्या असतील तर तो सुमारे ४ टक्के राहतो. रंग जपण्याच्या नादात हा हिशेब सुटला, की आधी अंड्यांची उबवण घटते, मग पिल्ले मरतुकडी निघतात, आणि दोष रंगाच्या जनुकावर ढकलला जातो.

यावर तीन घरांनी मिळून काम करावे. आमच्यापुरते सांगायचे तर एक कप्पा घणसोलीत, एक घोडबंदर रस्त्याच्या बाजूला एका नातेवाइकांकडे आणि एक मुरबाडजवळ आहे. प्रत्येक घरातील मुली त्याच घरात राहतात आणि मुलगे पुढच्या घरी जातात, नेहमी त्याच क्रमाने. पक्ष्याबरोबर वहीचे पानही जाते: कोणाचा मुलगा, चाचणीत किती पिल्ले, त्यांत पांढरी किती. नवा पक्षी आला की निदान तीन आठवडे वेगळा ठेवावा आणि मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस झाली आहे का ते विचारूनच आत घ्यावा. कप्पे दूर असण्याचा दुसराही उपयोग आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा परिसरातील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. ज्याचे सगळे घराणे एकाच खुराड्यात असते, त्याचे अशा वेळी काहीच उरत नाही.

त्या दोन पांढऱ्या पिल्लांपैकी एक कोंबडा निघाला आणि एक तलंग. काकूंना दोन्ही गटारीला हवी होती. आम्ही आधी तो कोंबडा दुसऱ्या घरच्या निर्दोष रंगीत कोंबड्यांवर सोडला. सगळी पिल्ले रंगीत निघाली आणि पांढरा अप्रभावीच असल्याचे ठरले. मग तलंग अंड्यावर आल्यावर घरचे काळे कोंबडे एकेक करून तिच्याशी लावले, प्रत्येक वेळी मध्ये चार आठवडे सोडून. तिन्ही घरांतील चार कोंबड्यांपैकी दोन वाहक निघाले, त्यांच्या पायात पिवळी कडी आहे आणि ते आता फक्त अशा कप्प्यात जातात, जेथे पांढरी पिल्ले मुद्दाम हवी असतात. पांढरा कोंबडा मुरबाडला आहे, आणि काळ्या तलंगा विकत घेणाऱ्यांना आम्ही आधी त्याच्याशी लावून सात पिल्ले मोजूनच त्या देतो.